साखर कारखान्याच्या पाण्याचा, सांडपाण्याचा व धुराचा हिशेब

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील ऊंस करणारा शेतकरी कारखान्याच्या वजनकांट्याविषयीं जितका दक्ष असतो, तितका दुसऱ्या कोणत्याही गोष्टीविषयीं क्वचितच असेल. उंसाची गाडी कांट्यावर गेली म्हणजे पावती हातांत पडेपर्यंत त्याचें मन स्वस्थ नसतें. आणि तें योग्यच आहे. वर्ष-दीड वर्षाचे कष्ट त्या एका आंकड्यांत सामावलेले असतात. परंतु गव्हाणींत पडणारा ऊंस जो कारखाना इतक्या बारकाईनें मोजून घेतो, त्याच कारखान्यानें आंत घेतलेलें पाणी किती, बाहेर सोडलेलें किती व धुराड्यांतून उडालेली राख किती, हे आंकडे आपल्यापैकीं किती सभासदांस सांगतां येतील? वार्षिक सभेंत भावाची चर्चा तासन्‌तास चालते. सांडपाण्याविषयींचा प्रश्न मात्र ओढ्याकांठच्या दोन-चार शेतकऱ्यांची तक्रार म्हणून मागें पडतो.

वास्तविक पाहतां हा प्रश्न सर्व सभासदांचा आहे. एखाद्या खाजगी कंपनीनें ओढा नासविला तर नफा एकाचा व नुकसान दुसऱ्याचें असें म्हणतां येतें. सहकारी कारखान्यांत कारखानाही आपला, ओढाही आपला, आणि ओढ्याकांठची विहीरही आपल्यापैकींच एकाची. म्हणून कारखान्याच्या कामापासून जमीन, पाणी व हवा यांवर होणारा परिणाम कसा मोजावा व तो कमी कसा करावा, याची साधी ओळख वाचकांस करून देण्याचें येथें योजिलें आहे.

नीरा खोऱ्याचा पूर्वानुभव

न मोजल्यामुळें काय होतें हें शिकण्यास आपणांस दूर जावयास नको. या भागांत पाऊस बेताचा, साधारणपणें वीस इंचांच्या आसपास, तोही बेभरंवशाचा. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहूं लागला व या दुष्काळी मुलखाचें रूप पालटलें. उंसाचे मळे उभे राहिले. परंतु भारी काळ्या जमिनीस हात सैल सोडून पाणी दिल्यानें व निचऱ्याची सोय नसल्यानें थोड्याच वर्षांत कालव्याखालच्या कित्येक चांगल्या जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन व श्री. व्ही. ए. ताम्हणे यांनीं नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास केला. त्यांची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें १९१० मध्यें प्रसिद्ध केली. त्याच सुमारास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं दख्खनच्या कालव्यांसाठीं ब्लॉक पद्धत सुचविली. पाणी मोजूनमापून व अधिक गांवांत वांटून द्यावें हा तिचा हेतु होता.

यावरून घ्यावयाचा धडा असा कीं, बिघाड डोळ्यांस दिसूं लागतो तेव्हां तो बराच पुढें गेलेला असतो. मोजणीनें तो आधीं दिसतो.

१९३२ मध्यें साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला व त्याच दशकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर येथें साखर कारखाना निघाला. पुढें १९५० नंतरच्या काळांत माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर अशा ठिकाणीं शेतकऱ्यांनीं स्वतः सहकारी कारखाने उभारले. कालव्यामुळें जो प्रश्न केवळ शेतांत होता, तो आतां कारखान्याच्या मोरीपर्यंत पोंचला.

हिशेबाची हद्द कोठवर?

कोणताही हिशेब मांडण्यापूर्वीं हद्द ठरवावी लागते. जगांत हवामान बदलविणाऱ्या वायूंचा हिशेब करण्याची जी रीत २००१ पासून रूढ झाली आहे, तिच्यांत तीन परीघ धरतात. पहिल्या परिघांत कारखान्याच्या स्वतःच्या भट्टींत व वाहनांत जळणारें इंधन येतें. दुसऱ्यांत बाहेरून विकत घेतलेली वीज येते. तिसऱ्यांत कारखान्याच्या आवाराबाहेर, परंतु कारखान्याकरितांच जें जें घडतें तें येतें; म्हणजे उंसाची लागण, खत, पाणी, पाचट जाळणें व वाहतूक.

कारखान्याच्या भट्टींत उंसाचा चोथा, म्हणजे बगॅस, जळतो. त्यांतून निघणारा कर्बाम्लवायु, ज्यास आज कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो उंसानें वाढतांना हवेंतूनच घेतलेला असतो. म्हणून तो निराळा दाखवितात, बेरजेंत घेत नाहींत. येथपर्यंत साखर कारखाना इतर गिरण्यांपेक्षां पुष्कळ निर्मळ ठरतो. परंतु येवढ्यावर समाधान मानून वही मिटतां येत नाहीं; कारण साखरेचा खरा बोजा पहिल्या दोन परिघांत नसून तिसऱ्यांत, म्हणजे आपल्याच शेतांत आहे. तो कसा, हें पुढें दिसेल.

दुसरी गोष्ट एककाची. नुसते एकंदर आंकडे फसवितात. ज्या वर्षीं ऊंस कमी आला त्या वर्षीं सांडपाणीही कमी होणार. त्यांत कारखान्याची कर्तबगारी कांहींच नाहीं. म्हणून प्रत्येक आंकडा गाळलेल्या उंसाच्या दर टनामागें काढावा, आणि एक वर्ष आधारवर्ष धरून पुढील प्रत्येक हंगामाची त्याशीं तुलना करावी. नदीला मात्र एकंदर बोजाच सोसावा लागतो. म्हणून दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं ठेवावे.

ऊंस हीच विहीर

एक टन उंसांत सुमारें ७०० लिटर पाणी असतें. त्याच टनापासून २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. त्याच्या वजनांत निम्में पाणी असतें. तें वजा केलें तरी पांचशें लिटरांहून अधिक पाणी रस आटवितांना वाफेच्या रूपानें सुटतें व थंड केल्यास पुनः पाणी होऊन हातीं येतें. दररोज ५,००० टन ऊंस गाळणाऱ्या कारखान्यांत उंसाबरोबर रोज ३५ लाख लिटर पाणी येतें असा याचा अर्थ. हें पाणी जपून थंड केलें व पुनः पुनः वापरलें, तर हंगाम चालू असतां कालव्यांतून नवें पाणी घेण्याचें कारण फारच थोडें उरतें. म्हणून पहिलें मापयंत्र कालव्याचें वा विहिरीचें पाणी आंत येतें त्या नळावर हवें. तेथील आंकडा मोठा असेल तर आंत कोठें तरी पाणी फुकट जात आहे असें खुशाल समजावें.

वाफेचा हिशेबही याच कुळींचा. जुन्या यंत्रसामुग्रीच्या कारखान्यांत उंसाच्या वजनाच्या शेंकडा ५० इतकी वाफ लागे. सुधारलेल्या कारखान्यांत ती शेंकडा ४० पर्यंत किंवा त्याखालींही आणतां येते. एक टन बगॅसपासून साधारण सव्वादोन टन वाफ होते असें धरलें, तर दर टन उंसामागें वांचलेल्या १०० किलो वाफेमुळें सुमारें ४५ किलो बगॅस शिल्लक राहतो. ५,००० टनांच्या कारखान्यांत ही शिल्लक रोज सव्वादोनशें टन होते. त्यापासून वीज करून विकतां येते. म्हणजे हवेचा व पाण्याचा बोजा हलका करणें हें नेहमीं खर्चाचेंच काम असतें असें नाहीं.

सांडपाणी कसें मोजतात?

सांडपाण्याचा वाईटपणा वासावरून वा रंगावरून ठरविणें बरोबर नाहीं. पाण्यांतील साखर व इतर सेंद्रिय पदार्थ सूक्ष्म जंतु खातात व खातांना पाण्यांत विरघळलेला प्राणवायु वापरतात. एक लिटर सांडपाण्यांतील घाण कुजण्यास किती मिलिग्रॅम प्राणवायु लागतो, हें प्रयोगशाळेंत काढतात. आपल्याकडे २७ अंश उष्णमानांत तीन दिवस ठेवून तें मोजतात. या मापास बी.ओ.डी. म्हणतात.

हें माप कळलें म्हणजे नदीचें दुखणें समजतें. आपल्या हवेंत स्वच्छ पाण्याच्या लिटरांत प्राणवायु सुमारें ८ मिलिग्रॅमच मावतो. शुद्ध न केलेल्या साखर कारखान्याच्या सांडपाण्याची मागणी लिटरला हजार-बाराशें मिलिग्रॅम असूं शकते. म्हणजे असें एक लिटर पाणी नदीच्या दीडशें लिटर पाण्यांतील सर्व प्राणवायु खाऊन टाकूं शकतें. पावसाळ्यांत नीरा दुथडी वाहते तेव्हां हें खपून जाईल. परंतु कारखान्याचा हंगाम असतो हिवाळ्या-उन्हाळ्याचा, नेमका नदीची धार बारीक होण्याचा. त्यांत कोल्हापुरी बंधाऱ्यांनीं पाणी अडविलेलें. अडलेल्या पाण्यांत प्राणवायु संपला म्हणजे मासे मरतात, पाणी काळें पडतें व कुजका वास सुटतो. माणसाच्या व जनावराच्या पिण्याचें पाणी त्याच कांठावरच्या विहिरींतून येतें.

याकरितां केंद्र सरकारनें जानेवारी २०१६ मध्यें साखर कारखान्यांसाठीं जीं प्रमाणें ठरविलीं तीं प्रत्येक सभासदानें लक्षांत ठेवण्यासारखीं आहेत. शुद्ध केलेलें सांडपाणी टन उंसामागें १०० लिटरांहून अधिक सोडूं नये. थंड करण्याच्या हौदांचें वाहून जाणारें पाणीही १०० लिटरांच्या आंत असावें. आणि कारखान्यास निकास एकच असावा. बी.ओ.डी. नदीनाल्यांत सोडतांना लिटरला ३० मिलिग्रॅम व जमिनीवर सोडतांना १०० मिलिग्रॅम यांहून अधिक नसावी. शुद्धीकरणाची यंत्रणा गाळपापूर्वीं एक महिना स्थिर करून गाळपानंतर एक महिना चालू ठेवावी. यांतील शेवटचें कलम फार शहाणपणाचें आहे. शुद्धीकरणाच्या हौदांतील जंतु हे विरजणासारखे असतात. मोळी पडली त्या दिवशीं यंत्राची कळ दाबली म्हणून ते तयार होत नाहींत.

आतां पैशाचा विचार करूं. एक किलो साखर पूर्णपणें जळून जाण्यास सव्वा किलोहून थोडा कमी, म्हणजे १.१२ किलो, प्राणवायु लागतो. रोज दहा लाख लिटर कच्च्या सांडपाण्याची मागणी लिटरला १,२०० मिलिग्रॅम असेल, तर ती एकंदर १,२०० किलो झाली. यांतील निम्मी जरी साखरेमुळें आहे असें धरलें, तरी रोज पांच क्विंटलांहून अधिक साखर मोरीवाटें वाहून जाते. दीडशें दिवसांच्या हंगामांत ती साडेसातशें क्विंटलांच्या वर जाईल. गळके पंप, ओसंडणारे हौद व पाण्याच्या नळीनें धुतलेल्या फरश्या यांतून ही साखर जाते. फरशी आधीं कोरडी झाडावी, तेलकट पाण्याची मोरी निराळी ठेवावी, गळती त्याच पाळींत बंद करावी. असे साधे उपाय कोणत्याही मोठ्या यंत्रापूर्वीं करावयाचे असतात.

सांडपाणी शेतास घ्यावें काय?

शुद्ध केलेलें पाणी शेतास देण्यास हरकत नाहीं; परंतु किती जमिनीस, हा खरा प्रश्न आहे. २०१६ च्या त्याच नियमांत जमिनीच्या पोताप्रमाणें मर्यादा दिल्या आहेत. दर हेक्टरीं दररोज वाळूसर जमिनीस २२५ ते २८० घनमीटर पाणी चालतें. चिकण काळ्या जमिनीस केवळ ३५ ते ५५ घनमीटर. ५,००० टनांच्या कारखान्याचें टनामागें १०० लिटर पाणी धरल्यास रोज ५०० घनमीटर होतें. तें आपल्याकडील भारी जमिनीस द्यावयाचें तर ९ ते १४ हेक्टर, म्हणजे सुमारें २३ ते ३६ एकर जमीन हवी. तेंच पाणी पांच-सात एकरांत दिवसामागून दिवस सोडलें, तर सांडपाण्याचा उपयोग केला असें नसून जमीन बुडविली असें म्हणावें लागेल.

क्षारांचाही हिशेब पाहावा. सोडावयाच्या पाण्यांत विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम आहे. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें १,०२,८०० लिटर. मर्यादेइतकेच क्षार त्यांत असले तरी एका इंचाबरोबर एकरावर २१५ किलो क्षार येतात. पाणी उडून जातें, क्षार राहतात. निचरा नसेल तर १९१० मध्यें डॉ. मॅन यांनीं पाहिलेली जमीन आपण पुनः तयार करूं. म्हणून असें पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यानें दरवर्षीं पाऊस पडण्यापूर्वीं मातीची व विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी, आणि चर वा निचऱ्याच्या नळ्या असल्यावांचून भारी जमिनीस तें घेऊंच नये.

मळी व मद्यार्क

मळीपासून मद्यार्क काढणारी शाखा कारखान्यास जोडली असेल तर हा विचार दसपट जपून करावा लागतो. एक लिटर मद्यार्कामागें ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश उरतो व त्याची प्राणवायूची मागणी लिटरला ४० ते ६० हजार मिलिग्रॅम इतकी प्रचंड असते. याचा एक थेंबही बाहेर जातां कामा नये, असा संकल्प या धंद्यानें २००३ च्या राष्ट्रीय सनदेंत केला आहे. प्रथम बंद टाक्यांत कुजवून त्यापासून जळाऊ वायु घ्यावा, नंतर उरलेलें पाणी आटवून भट्टींत जाळावें अथवा प्रेसमडबरोबर कुजवून खत करावें, असे मार्ग आहेत. टाकी गळकी असतां कामा नये. कारण तो वायु मिथेन असून, तो हवेंत सुटल्यास वजनास वजन कर्बाम्लवायूच्या सुमारें २७ ते ३० पट उष्णता धरून ठेवतो. खत करण्याची जागाही पक्क्या तळाची हवी. नाहीं तर पहिल्या पावसांत सर्व अर्क विहिरींत उतरतो.

धूर, पाचट व शेतांतील बोजा

बगॅसच्या भट्टीच्या धुरांत राखेचे कण घनमीटरला १५० मिलिग्रॅमपेक्षां अधिक असूं नयेत असा नियम आहे. हवेच्या दिशेस असलेल्या वस्तींत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी दिसूं लागली कीं धूर गाळण्याचें यंत्र नीट चालत नाहीं अशी शंका घेण्यास जागा आहे.

परंतु आतां तिसऱ्या परिघाकडे, म्हणजे स्वतःकडे पाहूं. आडसाली उंसास हेक्टरीं ४०० किलो नत्राची शिफारस आहे. जमिनींत घातलेल्या नत्रापैकीं ढोबळमानानें शेंकडा एक भाग नायट्रस ऑक्साइड वायूच्या रूपानें उडतो असें आंतरराष्ट्रीय हिशेबांत धरतात. तो वायु कर्बाम्लवायूच्या २७३ पट तीव्र आहे. त्रैराशिक मांडल्यास हेक्टरामागें सव्वासहा किलो नायट्रस ऑक्साइड, म्हणजे सुमारें १,७०० किलो कर्बाम्लवायूइतका बोजा होतो. शिफारशीपेक्षां दोन पोतीं युरिया अधिक टाकण्याची जी संवय आहे, ती खिशास व हवेस दोहोंसही भारी पडते.

पाचटाचेंही तसेंच. हेक्टरीं आठ ते दहा टन पाचट निघतें व त्यांत सुमारें अर्धा टक्का, म्हणजे ४० ते ५० किलो नत्र असतें. तें पेटवून दिलें कीं नत्र गेलें, धूर झाला व जमीन उघडी पडली. खोडव्यांत सरींत दाबून ठेवलें तर तण कमी, ओल अधिक व पाण्याच्या पाळ्याही कमी.

आणि पाणी. समजा, एकरीं ४० टन ऊंस निघाला व पाटानें एकंदर १०० इंच पाणी दिलें. तर टनामागें अडीच लाख लिटरांहून अधिक पाणी झालें. कारखान्यास टनामागें सोडण्यास मुभा आहे ती दोनशें लिटरांची. म्हणजे कारखान्याच्या सांडपाण्याहून हजारपट पाणी आपल्या सरींतून जातें. ठिबकानें हें पाणी बरेंच कमी करतां येतें. म्हणून कारखान्यानें मोजणीची वही ठेवावी असें म्हणणाऱ्या सभासदानें स्वतःच्या मोटारपंपाचे तासही टिपून ठेवले पाहिजेत. पाडेगांवच्या ऊंस संशोधन केंद्रासारखी संस्था हाकेच्या अंतरावर असतां सल्ल्याची वाण पडूं नये.

सभासदांनीं काय करावें?

१९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांतील १४ व्या नियमान्वयें प्रत्येक मोठ्या कारखान्यास दरवर्षीं ३० सप्टेंबरच्या आंत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र पाठवावें लागतें. उत्पादनाच्या प्रत्येक एककामागें लागलेलें पाणी व कच्चा माल, तसेंच बाहेर सोडलेल्या घाणीचें प्रमाण त्यांत नमूद करावें लागतें. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभाही त्याच तारखेच्या आंत भरते. मग ताळेबंदाबरोबर हें विवरणपत्रही सभेपुढें वाचून दाखवावें, येवढीच मागणी सभासदांनीं करावी. त्यांत नवा खर्च नाहीं व कोणावर आरोपही नाहीं.

सभेंत विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत. टन उंसामागें बाहेरचें पाणी किती घेतलें? टनामागें किती सोडलें व त्याची बी.ओ.डी. किती होती? तें पाणी किती एकरांस दिलें व त्या जमिनीचा खार गेल्या वर्षापेक्षां वाढला कीं घटला? निकासाच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींचें पाणी हंगामापूर्वीं व हंगामानंतर तपासलें काय? आणि हेच आंकडे मागील तीन हंगामांत काय होते?

या प्रश्नांचीं उत्तरें आंकड्यांत मिळूं लागलीं कीं सुधारणा आपोआप मार्गीं लागते. कारण जो आंकडा दरवर्षीं चारचौघांत वाचला जातो तो वाढूं देण्याचें धाडस कोणतेंही संचालक मंडळ सहसा करीत नाहीं. उंसाचा कांटा बरोबर असावा म्हणून आपण जितका आग्रह धरतों, तितकाच आग्रह पाण्याच्या मापाविषयीं धरावा. भाव एका हंगामाचा असतो. बिघडलेली जमीन व खारी झालेली विहीर मुलांनातवंडांच्या वांट्यास येते.